दाताळीवाली इलिंका

मारामुरेशच्या डोंगरात आमच्या गावाचं सामाईक कुरण आहे आणि त्याचे नियम सरकारी कायद्याहून कडक आहेत. कापणीच्या दिवशी प्रत्येक घरानं रांगेत एक विळेकरी उभा करायचा. आमचा विळा म्हणजे लांब दांड्याचा, उभ्यानं दोन्ही हातांनी फिरवायचा. चर्चची दुपारची घंटा व्हायच्या आत जो रांगेबरोबर कुरणाच्या टोकाच्या ओढ्याला पोचला नाही, त्याच्या घरचा वर्षाचा गवताचा वाटा गेला. मग हिवाळ्यात गाईला काय, बर्फ घालायचा?

त्या वर्षी ओंडका उचलताना तोआदेरची कंबर धरली आणि विळा त्याच्या बायकोकडे, इलिंकाकडे आला. बायकांनी गवत ओढायचं, कापायचं पुरुषांनी, अशी आमच्याकडची रीत. गवत ओढायची दाताळी मात्र अख्ख्या गावाला इलिंकाच करून देई. दाताळ्याचं डोकं ओल्या लाकडाचं, दात वर्षभर वाळवलेले. ओलं लाकूड वाळताना आवळत जातं आणि दात घट्ट धरून ठेवतं. खिळा नाही, सरस नाही. तिच्या दाताळ्याचा दात पडलेला मी तरी पाहिलेला नाही.

तोआदेरच्या विळ्याचा दांडा तिच्या डोक्याच्याही वर जाई. म्हणून तिनं पातं काढलं आणि स्वतःच्या मापाचा नवा दांडा तासला. मूठ कोपराच्या उंचीला येते का, हे दहा वेळा उभं राहून पाहिलं.

पहाटे दवात ती रांगेत येऊन उभी राहिली, तेव्हा सिमियोनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सिमियोन म्हणजे जिभेला हाड नसलेला माणूस.

"काय हो गाव्रिलाकाका, उद्या कोंबड्याही नांगराला जुंपायच्या का?"

"जुंपा की," इलिंका म्हणाली. "तुझा बैल नाहीतरी बांधावरच झोपलेला असतो."

सगळे खो खो हसले. गाव्रिला हसला नाही. तो रांगेचा पुढारी, सत्तरीचा, मोजकं बोलणारा. "नियमात घर म्हटलंय, पुरुष म्हटलेलं नाही," तो म्हणाला. "पण ऐक पोरी, रांग कुणासाठी थांबत नाही. धार लावायला थांबते, तेवढंच."

बावन्न वर्षांच्या इलिंकाला 'पोरी' म्हणणारा गावात तोच एक उरला होता.

पहिल्या तासात तिचे खांदे पेटले. मग तिला कळलं की जोर लावायचाच नाही, कमरेतून वळायचं, पातं जमिनीलगत सरकू द्यायचं. गवत आपोआप डावीकडे पडत गेलं. गाव्रिला थांबून धार लावी, की सगळे कमरेला बांधलेल्या, पाणी भरलेल्या शिंगातून धारेचा दगड काढत. तेवढाच काय तो श्वास. ओढा दिसू लागला. आता वाटा हातचा जात नाही, असं तिला वाटलं.

तेवढ्यात पुढे कडकन आवाज झाला. सिमियोनच्या, शहरातून विकत आणलेल्या विळ्याची मूठ तुटली होती. घरी जाऊन दुसरा आणायचा तर तासभर चाल. तो नुसता तुकडा हातात घेऊन उभा राहिला. रांग त्याला वळसा घालून पुढे गेली.

इलिंकाही दोन पावलं पुढे गेली. मग थांबली. त्याची दया आली म्हणावं, तर तसंही नाही. मोडकं लाकूड तिला बघवतच नसे.

"दे इकडे. आणि ती झुडपाची ओली फांदी तोड. ती नव्हे रे, अंगठ्याएवढी!"

"इलिंका, तुझा वाटा जाईल."

"मग पटपट तोड की!"

फांदी मधोमध तासून तिनं पातळ केली, दांड्याभोवती वळवली, दोन्ही टोकं एकत्र पिळून सालीनं करकचून बांधली, की झाली नवी मूठ. मान वर केली तर रांग पन्नास पावलं पुढे, आणि उन्हाचा अंदाज घेतला तर घंटा व्हायला आलेली. हा कसला शहाणपणा केला आपण?

पुढे गाव्रिला थांबला. त्यानं दगड काढला आणि धार लावू लागला. नुकतीच, दहा पावलांमागे, लावली होती. मागचे विळेकरी एकमेकांकडे बघत राहिले, मग एकेकानं मुकाट्यानं दगड काढला. गाव्रिलानं पात्याची एक बाजू घासली, दुसरी घासली, बोटानं चाचपली, मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. इतकी धार आमच्या गावात दाढी करायलाही कुणी लावली नसेल. इलिंका आणि सिमियोन धापा टाकत, राहिलेला पट्टा कापत आपापल्या जागी येऊन लागले, तेव्हा कुठे म्हाताऱ्यानं दगड शिंगात ठेवला. घंटा झाली, तेव्हा अख्खी रांग ओढ्यात पाय सोडून बसली होती.

संध्याकाळी वाटे पुकारले गेले. आमच्याकडे घराला विळेकऱ्याच्या नावानं ओळखतात. तोआदेर गाडी घेऊन आला होता, कंबर धरून उभा होता. गाव्रिलानं एकेक नाव घेतलं. तोआदेरच्या घराची पाळी आली, तसा म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "इलिंकाचं घर!"

तोआदेर म्हणाला, "बरं झालं बाई. मला ठेवून घेशील ना?"

हशा उसळला, सिमियोन सगळ्यांत मोठ्यानं हसला. इलिंकाला मात्र रडू कोसळलं, आणि ते लपवायला तिच्याकडे गवताखेरीज काही नव्हतं. तिनं दोन्ही हातांनी मोठा भारा उचलला, तोंडासमोर धरला आणि गाडीत टाकायला निघाली.