व्याह्यांची तिसरी प्रत

अख्ख्या खानदेशात आमच्या व्याह्यांइतका कष्टाळू आळशी माणूस सापडायचा नाही, हे मी असोद्याच्या पारावर उभं राहून छातीठोकपणे सांगायला तयार आहे. पाच मिनिटांचं काम हाताने करायचं त्यांच्या जिवावर येतं, आणि तेच काम आपोआप व्हावं म्हणून जेवणखाण विसरून तीन-तीन दिवस खपायला त्यांना काही वाटत नाही. शिरपूरच्या एका कॉलेजात ते सर्व्हर सांभाळायचे. सर्व्हर म्हणजे कॉलेजचं सगळं दप्तर पोटात घेऊन बसलेला मोठा कॉम्प्युटर. केळीच्या बागेत जन्म गेलेल्या मला त्यातलं एवढंच कळतं. त्यांच्या पडद्यावर ना चित्र ना बटण, नुसती काळ्यावर पांढरी अक्षरं पळायची. "नाना, चित्रावर बोट ठेईसन काम सांगानं म्हंजे मुक्यानं सांगानं. लिखीसन सांगानं. एकदाव सांगानं, मंग जनमभर सांगानं नही!" या लिहून सांगण्याला ते स्क्रिप्ट म्हणत. एकाखाली एक हुकूम लिहून ठेवायचे आणि यंत्राने ते ओळीने पाळायचे. नवीन पोरं आली की त्यांची खाती उघडणं, जुन्या नोंदी झाडून टाकणं, रोज ठरल्या वेळी सगळ्याची प्रत काढणं, सगळं स्क्रिप्ट करायची. सर्व्हरमधली जागा भरत आली की यांच्या खिशातला फोन कोंबड्यासारखा आरवायचा. एकदा तो एका तेराव्याच्या पंगतीत आरवला आणि हे पानावरून उठून "जागा संपी ऱ्हायनी" म्हणत धावले. यजमानांना वाटलं, पंगतीत जागा कमी पडली. त्यांनी बिचाऱ्यांनी आणखी दोन सतरंज्या टाकल्या.

नातेवाइकांना वाढदिवसाच्या शुभेच्छाही त्यांची स्क्रिप्टच पाठवायची. त्यांचे एक काका वारले, तरी पुढच्या वर्षी त्यांच्या फोनवर पहाटे संदेश आला, 'शतायुषी व्हा.' काकू रडल्या, मुलं चिडली. मी व्याह्यांना म्हटलं, "आबा, काका जाऊन वर्ष होत आलं." ते शांतपणे म्हणाले, "माले माहीत शे. स्क्रिप्टले कोन्ही सांगेल नही." त्यात त्यांना काही चुकल्यासारखं वाटलंच नाही. उलट, माणूस विसरतो पण स्क्रिप्ट विसरत नाही, हे सिद्ध झाल्याच्या आनंदात ते दिवसभर होते.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे 'केलं' आणि 'झालं' यांतला फरक. यंत्राला हुकूम दिला म्हणजे काम झालं असं समजायचं नाही, झालं का ते यंत्रालाच विचारायचं, असा त्यांच्या धंद्यातला रिवाज. तो त्यांनी घरात आणला. विहीणबाई म्हणायच्या, "गॅस बंद कया." हे विचारायचे, "कया ते बरोबर शे, पन व्हयना का?" लग्नात भटजींनी "कन्यादान झालं" म्हटल्यावरही यांनी हळूच मान पुढे करून "नक्की झालं ना?" असं विचारलं होतं. भटजींनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की मला माझ्या पोरीची काळजी वाटली.

पण सगळ्यांवर कडी म्हणजे तालीम. काहीही पुसायचं असलं की ते आधी यंत्राला सांगायचे, पुसू नको, काय काय पुसणार ते नुसतं बोलून दाखव. हुकुमाच्या पुढे एक छोटासा शब्द लावला की यंत्र हात न लावता सगळं वाचून दाखवतं म्हणे. ते वाचायचं, मान डोलवायची, मग तो शब्द काढायचा आणि खरं काम करायचं. आमच्या पोरीला बघायला हे आले तेव्हा बरोबर मुलगाच नव्हता! आम्ही भरीत, कळण्याची भाकरी, केळीचे काप, सगळा जामानिमा केलेला. मी विचारलं, "मुलगा कुठंय?" तर म्हणाले, "तो पुढला ऐतवारले यीन. आज निस्ती तालीम शे. तुमी प्रश्न इचारा, मी त्याना वतीनं उत्तरं देस." आणि खरंच, मुलाच्या जागी बसून त्यांनी माझ्या पोरीला विचारलं, "स्वयंपाक येतो का?" पोरगी म्हणाली, "तालमीला येतो." त्यावर हा माणूस इतका खूश झाला, की खऱ्या रविवारी विचारायला काही उरलंच नाही.

लग्न झालं आणि मग त्यांचे रविवार सुरू झाले. त्यांचा नियम असा, की महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती पाहिजेत. एक सर्व्हरमध्ये, दुसरी शेजारच्या खोलीतल्या यंत्रावर आणि तिसरी दुसऱ्या गावी. दुसऱ्या गावासाठी त्यांना आमचं असोदं सापडलं. दर रविवारी शिरपूरहून चोपड्यामार्गे एसटीने यायचं, आमच्या देवघराखालच्या कपाटातली जुनी डिस्क घ्यायची आणि ताजी ठेवायची. आता आपल्याकडे मुलाचा बाप सुनेच्या माहेरी असा उठसूट येत नसतो. आला, तर त्याला टॉवेल-टोपी देऊन मान करावा लागतो. आमची ही रीतभात मोडणारी नव्हे. तिने दर रविवारी टॉवेल-टोपी दिली. डिस्क बदलायला आलेल्या माणसाला कुंकू लावून, टोपी घालून, सुपारी देऊन वाटेला लावायचं, असं चाललं. टोप्यांचं त्यांनी काय केलं देव जाणे, पण टॉवेलचा उपयोग त्यांना लगेच सापडला. ताजी डिस्क ते टॉवेलात गुंडाळून ठेवायचे. दसऱ्याला आमच्या हिने विळा-कोयत्याबरोबर त्या गाठोड्यालाही हळदकुंकू वाहिलं. मी हसलो तर म्हणाली, "हसू नका, त्यात पोरांचं नशीब आहे." तिला कॉम्प्युटरमधलं माझ्याहून कमी कळतं, पण बोलली ते खरं निघालं.

पोरगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. एका बुधवारी सकाळी जळगावच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली. मी पहिला फोन व्याह्यांना लावला. "आबा, पोरगी झाली! दोघी सुखरूप!" पलीकडून जो आनंदाचा चीत्कार आला, तो दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या लोकांनीही ऐकला. तासाभराने त्यांचा उलटा फोन आला. आवाज ओळखू येईना.

"नाना, बठ्ठं गयं."

सगळं गेलं म्हणजे काय गेलं, मला कळेना. मग त्यांनी सांगितलं ते असं. शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिकांचे गुण त्याच संध्याकाळी विद्यापीठाला पाठवायचे होते. सर्व्हरची जागा भरली होती, म्हणून ते मागच्या वर्षाचे गुण पुसायला बसले होते. हुकूम लिहिताना वर्ष चुकून यंदाचं पडलं. तालीम घेतली असती तर यंत्राने आधीच बोलून दाखवलं असतं. पण तेवढ्यात माझा फोन आला, आणि जन्मभर प्रत्येक गोष्टीची तालीम घेणाऱ्या त्या माणसाने नात झाल्याच्या आनंदात थेट एंटर दाबला. शेजारच्या यंत्रावरची दुसरी प्रत? ती पहिलीबरहुकूम ठेवायची त्यांचीच स्क्रिप्ट होती. पहिलीत काही उरलं नाही असं पाहून तिने इमानेइतबारे दुसरीतलंही पुसून टाकलं.

"पोरांचं वर्ष अडकेल का?" मी विचारलं.

"अडकीन. सातपुड्यावरल्या पाड्यास्ना पोरं शेतस, नोकऱ्या लागेल शेतस त्यास्ले, निकालनी वाट देखी ऱ्हायनात." मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "आनि नाना, आमनी अक्का आत्तेच बोलनी, पोर वाईट पायगुण लई उनी. आज हाई निस्तरनं नही, तर त्या पोरले जनमभर हाईच आयकनं पडीन. मनी चूक, आनि नाव तिनं."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिची जीभ सगळ्या शिरपुराला ठाऊक. दवाखान्यात आमच्या हिच्या मांडीवर ते तासाभराचं बाळ मुठी आवळून झोपलं होतं. त्याच्याकडे पाहून मला अक्काचा इतका संताप आला, की मी चप्पल एका पायात आणि दुसरी हातात अशा अवस्थेत जिना उतरलो.

गुणांची भरती शनिवारी संपली होती आणि व्याही रविवारी डिस्क ठेवून गेले होते. म्हणजे सगळं त्या टॉवेलात होतं. मी असोद्याला जाऊन गाठोडं उचललं आणि शिरपूरची एसटी धरली. मांडीवर दोन्ही हातांनी धरलेलं ते टॉवेलाचं बोचकं पाहून कंडक्टरने विचारलं, "काय शे हो बाबा त्यामा? धाकलं पोर शे का?" मी म्हटलं, "तसंच समज." त्या भल्या माणसाने मला पुढची, धक्के कमी बसणारी जागा दिली आणि ड्रायव्हरला हाक मारून सांगितलं, "हळू चालाव रे, बाळ शे."

कॉलेजात पोहोचलो तेव्हा प्राचार्य सर्व्हरच्या खोलीत घाम पुसत उभे होते. "लवकर करा आबा, कचेरी बंद होईल!" व्याह्यांनी टॉवेल सोडला, डिस्क जोडली, हुकूम लिहिला आणि हात मागे घेतला. प्राचार्य ओरडले, "आता काय?"

"आधी तालीम."

"अहो, वेळ काय, तालीम काय!"

"सकायले ती लिधी नही, म्हनीसन तर तुमी आठे उभा शेतस." यंत्राने काय कुठे ठेवणार ते ओळीने बोलून दाखवलं. त्यांनी एकेक ओळ वाचली, बोटाने हुकुमापुढचा तो छोटा शब्द खोडला आणि एंटर दाबला. पडद्यावर अक्षरं पळू लागली. अक्षरं थांबली. प्राचार्य म्हणाले, "केलं?" व्याही म्हणाले, "थांबा." त्यांनी यंत्राला विचारलं, पोरांची नावं आणि गुण पडताळले, मग खुर्ची मागे सारून उभे राहिले आणि कॉलेज दणाणेल असे ओरडले, "व्हयनं! बठ्ठं व्हयनं!"

कचेरी बंद व्हायच्या आत गुण गेले. सगळ्या कॉलेजात पेढे वाटले गेले आणि प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवताना व्याही सांगत होते, "चूक मनी, पायगुण नातना!" तोच पेढा घरी जाऊन त्यांनी अक्काच्या तोंडात स्वतःच्या हाताने कोंबला. एवढा मोठा पेढा कोंबला, की तिला बराच वेळ काही बोलता आलं नाही. आजही ते ही हकीकत सांगतात तेव्हा, "पुसं बी मी आनि आनं बी मी," असं म्हणतात. आणलं मी, एसटीने, मांडीवर धरून! पण त्यांच्या विजयात माझा वाटा मागायला मला कधी जमलं नाही.

पुढे ते निवृत्त झाले. कॉलेजच्या प्रती आता तारेवरून कुठल्या कुठे परगावी जातात, त्यासाठी कोणाला एसटी धरावी लागत नाही. बाळंतपण आटोपून पोरगी आणि नात शिरपूरला गेल्या, आणि व्याह्यांचं येणंही बंद झालं. मुलाच्या बापाने कारणाशिवाय कसं यावं? पहिल्या रविवारी हिने सवयीने व्याह्यांच्या भरिताला वांगी भाजली. भरीत आम्ही दोघांनीच खाल्लं. घर इतकं शांत होतं, की मला त्या कोंबड्याच्या फोनचीसुद्धा आठवण आली.

मग एका रविवारी दारात व्याही उभे. काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. मी म्हटलं, "आबा, आता कसली डिस्क? तुम्ही तर सुटलात."

ते नजर चुकवत आत आले, देवघराखालचं कपाट स्वतःच उघडलं आणि गाठोडं जुन्या जागी ठेवलं. म्हणाले, "नातना फोटू. तिनं हासनं, रडनं, काल 'ना-ना' बोलनी तो आवाज. स्क्रिप्ट लिखेल शे, दर शनवारले बठ्ठं गोळा करस." आणि मग आमच्या हिच्या डोळ्यांकडे न बघता पुढे म्हणाले, "इतली मोलनी चीज आमना एकलाना घरमा ठेईसन कसं चालीन? दुसरा गावले एक प्रत पाहिजेच."

आमच्या हिने आत जाऊन टॉवेल-टोपी आणली, आणि कुंकू लावून झाल्यावर वांगी भाजायला घेतली.