लिफ्टवाल्याच्या घरचं पिल्लू

पिल्लू घरी यायला अजून नऊ दिवस होते आणि लिफ्टवाले दादा स्वयंपाकघराच्या फरशीवर रांगत, तोंडात टॉर्च धरून फ्रिजच्या मागे बघत होते.

"काय हरवलंय?" वहिनींनी विचारलं.

दादांनी टॉर्च तोंडातून काढली. "हरवलं काही नाही. पिल्लाच्या उंचीवरून घर बघतोय. ह्या उंचीवरून आपलं घर फार धोकादायक आहे हो. इथे एक वायर लोंबतेय, तिकडे फिनेलची बाटली. आणि ओट्याखाली एक द्राक्ष पडलंय. कुत्र्याला द्राक्ष विष असतं, माहितेय?"

"मला माहीत नव्हतं. आणि ते द्राक्ष कधीचं आहे हेही माहीत नाही."

दादा सव्वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत होते. त्यांच्या धंद्यात तपासलेल्या प्रत्येक लिफ्टमध्ये एक पिवळं कार्ड अडकवायचं असतं: 'तपासले', खाली तारीख, खाली सही. त्या कार्डांचा एक गठ्ठा दादांनी कामावरून आणला होता आणि आता घरभर कार्डं लोंबत होती. फ्रिजच्या वायरीला कार्ड, झाकणाच्या नव्या कचऱ्याच्या डब्याला कार्ड, बाल्कनीला लावलेल्या जाळीला तर दोन. कपाटाच्या वरच्या फळीवर चढवलेल्या चपलांच्या जोडालाही एक होतं. वहिनी म्हणाल्या, "माझ्याही गळ्यात अडकवा एक. एवढ्या वर्षांत एकदा तरी तपासल्याची नोंद राहील."

अकरा वर्षांची लेक मात्र बापावर खूश होती. पिल्लासाठी ती तीन वर्षं मागे लागली होती. दादा तीन वर्षं नाही म्हणाले होते, आणि का ते कधीच सांगत नव्हते. मग जनावरांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याच्या दारात कुणीतरी एक कुत्री आणि तिची पाच पिल्लं खोक्यात ठेवून गेलं. लेकीने त्यातलं एक मांडीवर घेतलं. ते तिथेच झोपलं. अशा वेळी नाही म्हणायला माणूस लोखंडाचा लागतो आणि दादांचा लोखंडाशी संबंध फक्त नोकरीपुरता होता.

पण डॉक्टरीणबाई अशी तशी पिल्लं देत नसत. आधी दोन पानी फॉर्म भरायचा, मग त्या स्वतः घर बघायला येणार, आणि पटलं तरच पिल्लू. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या इमारती तपासणाऱ्या माणसाच्या घराची आता तपासणी होणार होती, आणि दादा परीक्षेला बसल्यासारखे तयारीला लागले होते. त्यांनी तयारीसाठी आठवड्याची रजा टाकली. लसींच्या तारखा भिंतीवर लावल्या. पिल्लाच्या झोपण्याच्या कोपऱ्यात वारा येतो का हे बघायला ते स्वतः दुपारी तिथे आडवे झाले आणि दीड तास घोरले. त्या कोपऱ्यालाही कार्ड मिळालं.

फॉर्मही त्यांनी सुरेख अक्षरात भरला. फक्त एका प्रश्नापाशी पेन थांबलं होतं. 'यापूर्वी प्राणी पाळला होता का? त्याचे काय झाले?'

दादांनी लिहिलं: 'होय. एक कुत्रा. घराचे दार उघडे राहिल्याने पळाला.'

लिहून झाल्यावर त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

ही गोष्ट सगळ्या घराला पाठ होती. बावीस वर्षांपूर्वीची. तेव्हा वहिनी घरात आलेल्या नव्हत्या, आई होती, आणि दादांचा धाकटा भाऊ पंधरा वर्षांचा होता. बटाट्या नावाचा एक तांबूस, गोल, महाआळशी कुत्रा होता. एका दुपारी धाकटा क्लासहून आला, दाराची कडी लावायची विसरला, झोपला, आणि बटाट्या निघून गेला. तो परत मिळालाच नाही.

त्या दिवसापासून धाकट्याला कडीचं वेड लागलं. आता तो सदतीस वर्षांचा होता. शाळेची बस चालवायचा, दोन गल्ल्या पलीकडे राहायचा, त्याला दोन मुलं होती, आणि तरीही दादांच्या घरून निघाला की एक मजला उतरायचा, थबकायचा, परत वर यायचा आणि बाहेरून दार ढकलून विचारायचा, "लागली ना?" आणि आतून सगळ्यांनी एका सुरात ओरडायचं, "लागलीऽऽ!" लेक लहान असताना तिने त्याचं नाव कडीकाका ठेवलं. पाहुण्यांना हा कार्यक्रम खास दाखवला जाई. "थांबा हं, आता येतील परत," असं म्हणून सगळे दाराकडे बघत बसायचे, आणि तो आला की हसून हसून लोळायचे. "लागलीऽऽ!" मध्ये सगळ्यात मोठा आवाज दादांचा असे.

आणि सगळ्या घरात फक्त दादांनाच माहीत होतं की त्या दुपारी कडी लागलेली होती.

शनिवारी दुपारी डॉक्टरीणबाई आल्या. बारीक चणीच्या बाई, पण चपला काढायच्या आधीच त्यांची नजर कपाटाच्या वरच्या फळीपर्यंत जाऊन आली. कडीकाकाही आला होता. जाळीला खालून एक पट्टी मारायची म्हणून दादांनीच त्याला बोलावलं होतं. बाईंनी वायरी पाहिल्या, डबा पाहिला, कोपरा पाहिला.

"ही कार्डं कसली?"

"बाबांनी तपासलंय सगळं," लेक अभिमानाने म्हणाली.

"छान. माझ्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला पाठवते तुमच्याकडे शिकायला." बाई हसल्या. चहा आला. मग त्यांनी फॉर्म काढला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "…'घराचे दार उघडे राहिल्याने पळाला.' हे कुणाकडून राहिलं?"

कडीकाका जाळीपाशी उकिडवा बसला होता. तो उठून उभा राहिला. शाळेत चुकलेल्या पोराने उभं राहावं तसा, हात मागे बांधून.

"माझ्याकडून, बाई. दादाचा काही संबंध नाही. दादा कामावरून आला तेव्हा दार सताड उघडं होतं. मी झोपलो होतो."

"तुम्ही इथेच राहता?"

"नाही नाही. पण येणं-जाणं असतं." तो घुटमळला. "म्हणजे, तुम्हाला भीती वाटत असेल तर मी पिल्लू मोठं होईपर्यंत आत येणार नाही. पुतणीला भेटायला काय, खाली बोलावता येतं. पण पिल्लू द्या तिला. माझ्यामुळे अडवू नका."

"ए काका, काहीतरीच काय!" लेक म्हणाली.

पण बाईंना ते काहीतरीच वाटलं नाही. त्यांनी पेन काढलं आणि समासात लिहू लागल्या. "तसं नको. मी फक्त अट घालते. ह्यांच्या एकट्याच्या ताब्यात पिल्लू द्यायचं नाही. चालेल?"

"चालेल, चालेल," कडीकाका घाईघाईने म्हणाला. त्याला हायसं वाटलेलं दिसत होतं.

दादांना ते हायसं वाटणं जिव्हारी लागलं. रोज सकाळी चाळीस पोरं ज्याच्या ताब्यात आईबाप डोळे मिटून देतात, तो माणूस एका दीड किलोच्या पिल्लासाठी नालायक ठरला होता आणि वर आभार मानत होता.

"ते खोडा," दादा म्हणाले.

"काय?"

"समासातलं. खोडा. कडी लावलेली होती."

कपबशी वाजली. वहिनींच्या हातातली असावी.

दादा बोलत राहिले, लेकीकडे न बघता, भावाकडे न बघता, झाकणाच्या कचऱ्याच्या डब्याकडे बघत. त्या दिवशी त्यांना अर्धा दिवस सुट्टी मिळाली होती. घरी आले तेव्हा आई आणि धाकटा झोपलेले. तेव्हाच्या जाळीच्या दारातून हात घालून त्यांनी स्वतः कडी काढली, बटाट्याला पट्टा लावला आणि फिरायला निघाले. चौथ्या मजल्यावर लिफ्ट आली. पट्ट्याचा फास दादांच्या मनगटात होता. ते आत शिरले. आणि वर मोटारीचा आवाज वेगळाच येत होता. नोकरीला चारच वर्षं झालेली, हौस अजून नवी. कुठलं बेअरिंग बोलतंय ते ऐकायला त्यांनी लिफ्टच्या भिंतीला कान लावला. आळशी बटाट्या अजून बाहेरच उभा होता. दार मिटलं. पट्टा इतका बारीक की दाराला तो जाणवलाच नाही. लिफ्ट खाली निघाली.

"लाल बटण मी लगेच दाबलं. दीड फुटात थांबवली. पट्टा तुटला. मी दार उघडून वर चढेपर्यंत तो जिन्याने खाली गेला होता. ओरडत. जिवंत होता, एवढं नक्की. पुढचं मला माहीत नाही." दादा थांबले. "लिफ्टवाल्याच्या कुत्र्याला लिफ्टने… हे कुणाला सांगणार? वर आलो तर हा उठून बसला होता. मला म्हणाला, 'दादा, बटाट्या कुठाय? मी कडी लावली नव्हती का?' आणि मी म्हटलं, 'नसशील लावली.'"

कडीकाकाने मागे बांधलेले हात सोडले.

"म्हणजे मी लावली होती," तो म्हणाला.

"लावली होती."

"नक्की?"

"मी काढली ना. घट्ट बसायची ती. दोनदा ओढावी लागली."

कडीकाकाने खाली बसून हातोडी, खिळे, उरलेली पट्टी पिशवीत भरली. चपला घातल्या. दार ओढून घेतलं. पावलं जिन्यावरून खाली गेली. एक मजला झाला. घरातले सगळे, काही न ठरवता, दाराकडे बघत राहिले. पावलं थांबली नाहीत. ती तशीच खाली गेली, आणि ऐकू येईनाशी झाली.

लेक उठली आणि तिने कडी लावली. मग ती आपल्या खोलीत गेली.

डॉक्टरीणबाईंनी समासातली ओळ शांतपणे खोडली. "घर चांगलं आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "पण हे बघा, उद्या पिल्लाने काहीतरी गिळलं, तर माझ्या टेबलावर येऊन मला खरं सांगणारा माणूस लागतो. 'काय झालं कुणास ठाऊक' म्हणणारे लोक आले की माझा अर्धा तास जातो आणि कधीकधी पिल्लू जातं." त्यांनी 'जबाबदार व्यक्ती' ह्या रकान्यातलं दादांचं नाव राहू दिलं, पण त्याच्या शेजारी एक रेघ ओढली. "इथे तुमच्या भावाची सही आणा. जमलं तर पिल्लू तुमचं."

दादांना तीन दिवस धीर झाला नाही. ते रजेवर होते, पण कशासाठी होते हे आता त्यांनाच सांगता आलं नसतं. वहिनी कामापुरतं बोलत होत्या. एकदा फक्त म्हणाल्या, "मीसुद्धा ओरडायचे हो त्यांना, लागली म्हणून. तुम्ही ओरडू दिलंत." लेकीने घरातली पिवळी कार्डं काढून एका खोक्यात टाकली होती. रागावून नव्हे, आवरायला घ्यावं तशी. त्याने दादांना जास्त लागलं.

चौथ्या दिवशी दुपारी दादा बस उभ्या करतात त्या मैदानात गेले. पोरांना सोडून बस नुकतीच आली होती. धाकटा आत होता. मागच्या सीटपासून सुरुवात करून तो प्रत्येक सीटखाली वाकून बघत पुढे येत होता. पुढे पोचला, वळला, आणि पुन्हा मागे गेला. असं तीनदा. एकदा एक झोपलेलं पोर सीटखाली सापडलं होतं त्याला, असं कुणी कौतुकाने सांगितलं की दादा आजवर म्हणायचे, "अहो, तो आमचा कडीकाकाच!"

आज ते खाली गुपचूप उभे राहिले.

"ये वर," धाकटा म्हणाला. "बस."

दादा पहिलीतल्या पोरांच्या बाकावर बसले. गुडघे छातीला लागले.

"एक सांग," धाकटा म्हणाला. "आपण आठ दिवस त्याला शोधत होतो. गल्ल्या-गल्ल्यांतून. मी हाका मारायचो, तू पण मारायचास. माझ्यापेक्षा मोठ्याने."

"हो."

"तेव्हा मी एकदा रडायला लागलो. तू मला म्हणालास, 'जाऊ दे, होतं असं.' मला इतकं बरं वाटलं रे. वाटलं, दादा किती मोठ्या मनाचा आहे."

दादांनी समोरच्या बाकाची कड धरली. ते म्हणाले, "माफ कर, असं म्हणायलासुद्धा मला तोंड नाही."

"मग म्हणू नकोस." धाकट्याने हात पुढे केला. "फॉर्म आण."

त्याने फॉर्म वाचला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, खोडलेल्या ओळीसकट. मग सही केली. "ही पोरीसाठी. तुझं काय करायचं ते मला अजून कळत नाहीये. कळायला वेळ लागेल."

"लागू दे."

"आणि एक. पिल्लू लिफ्टने न्यायचं नाही. मोठं झालं तरी नाही. जिन्याने. रोज. तू."

"चार मजले आहेत," दादांच्या तोंडून निघून गेलं.

दोघे खाली उतरले. धाकट्याने बसचं दार लावलं, मूठ ओढून बघितली. दोन पावलं चालला. थांबला. "लावलंय," दादा हळूच म्हणाले. धाकट्याने त्यांच्याकडे बघितलं, मागे फिरला आणि मूठ पुन्हा ओढून बघितली.

"तुझ्या सांगण्यावर नाही," तो म्हणाला.

रविवारी पिल्लू आलं. काळं, पोट मोठं, कान कुणाकडून तरी उसने आणल्यासारखे. लेकीने ते टॉवेलात गुंडाळून इमारतीच्या दारापर्यंत आणलं आणि तिथे बापाच्या हातात दिलं. तिसऱ्या मजल्यावर दादा कठड्याला टेकून उभे राहिले. घाम, धाप, आणि शर्टावर पिल्लाने केलेला ओला नकाशा. तिसऱ्या मजल्यावरचे मास्तर दार उघडून बाहेर आले.

"अरे, लिफ्टवाले! जिन्याने? लिफ्ट बंद पडली की काय?"

एरवी दादांकडे अशा प्रश्नाला पाच-सहा उत्तरं तयार असायची, आणि प्रत्येकावर मास्तर हसायचे.

"नाही," दादा म्हणाले. "लिफ्ट नीट आहे." आणि पिल्लू छातीशी धरून ते उरलेला मजला चढू लागले.