नाकवाली

आमच्या नर्सरीत माझ्या मावशीला सगळे नाकवाली म्हणतात. खड्ड्यातलं मूठभर खत नाकाशी धरायचं आणि एकच शब्द बोलायचा, ‘मुरलंय’ नाहीतर ‘कच्चं’. कच्चं खत मातीत गेलं की आत तापतं आणि कोवळी मुळं जाळतं. आम्हाला मेलं सगळंच खत सारखं घाण वाटायचं, पण मावशीचा शब्द कधी खोटा ठरला नव्हता. तिचे यजमान, आमचे काका, गुलाबाची कलमं बांधायचे, ती त्यांच्यासाठी माती तयार करायची. त्यावरून दिवसभर भांडायची दोघं. गेल्या वर्षी काका गेले. त्यांच्या हातची पाच कलमं तेवढी पिशव्यांत राहिली.

मग मावशीला ताप आला. ताप उतरला, पण वास गेला तो गेलाच. नाकवालीचं नाकच गेलं म्हटल्यावर मालक घरी बसवतील, या भीतीनं तिने मलासुद्धा सांगितलं नाही.

खड्डा उघडला तेव्हा मालकांनी सगळ्यांसमोर मूठ पुढे केली. “बोला मावशी.”

तिने हुंगल्यासारखं केलं. “मुरलंय.”

“झकास! मग पुढच्या वाफ्यात हेच घाला. काकांची कलमं तिथेच लावू.”

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. वाफा खणताना, खत कालवताना सारखी मला विचारायची, “तुला कसला वास येतोय गं?”

“खताला काय अत्तराचा वास येणार?” मी वैतागून म्हणायचे. ती डबा न उघडताच परत न्यायची, आणि मला वाटत होतं तापाचा अशक्तपणा.

लावणीच्या सकाळी तिने वाफ्यात कोपरापर्यंत हात घातला आणि चटकन बाहेर काढला. माती आतून गरम होती. मालक तोवर पहिल्या कलमाची पिशवी फाडायला बसले होते.

“थांबा! मालक, माझं नाक गेलंय!”

“कुणी कापलं?” मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले.

“खोटं बोलले मी. वासच येत नाही मला. हाताला माती तापलेली लागतेय. लावू नका हो, ह्यांची आहेत ती.” ती मातीतच बसून रडायला लागली, तेव्हा हसणं थांबलं.

मालकांनी पिशवी सावलीत नेऊन ठेवली. “वाफा उपसा,” ते म्हणाले. “खत मुरेपर्यंत थांबतील कलमं. आणि मावशी, हात शाबूत आहे ना? मग उद्या वेळेवर या.”

मला वाटलं, सुटली बाई. पण संध्याकाळी घरी तिने दारामागचा काकांचा सदरा काढून माझ्यापुढे धरला. काका गेल्यापासून तिने तो धुतला नव्हता.

“ह्यांचा वास आहे का गं अजून याला?”

मी सदरा नाकाशी धरला. धुळीचा वास येत होता, बाकी काही नाही. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होती.

“आहे,” मी म्हणाले. तिने ‘मुरलंय’ म्हटलं होतं ना, अगदी तसंच.