लूम थांबले तेव्हाचे बोरसेकाका

बोरसेकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात गिटारच्या क्लासमध्ये होते, समोर एक विद्यार्थिनी सोलो वाजवायचा प्रयत्न करत होती. पलीकडून काकू म्हणाल्या, "सकाळी उठलेच नाहीत गं…" त्याला आता पाच आठवडे झाले. काकांविषयी लिहायचं म्हणते, पण आठवायला बसलं की आधी आठवते ती भीती. ते मला भेटले, शिकवत राहिले, ते सगळं त्या भीतीच्या दिवसांतलंच.

सुरतेत, डिंडोलीला, त्यांची आणि आमची खोली भिंतीला भिंत लागून होती. आम्ही सगळे मूळचे अमळनेरकडचे. वडील कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये कामाला, काका लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, फिटर. एकदा त्यांच्या डाव्या हाताचं बोट मशीनमध्ये सापडलं. नानपुऱ्यातल्या एका पारशी डॉक्टरांनी ते शिवलं आणि आखडू नये म्हणून व्यायामाला स्वतःची जुनी गिटार दिली. डॉक्टर जॅझचे वेडे. बोट बरं झालं, पण काकांनी गिटार सोडली नाही, आणि डॉक्टरांनी ती परत मागितली नाही. पुढे दर रविवारी सकाळी डॉक्टरांच्या दिवाणखान्यात डॉक्टर पियानोवर आणि काका गिटारवर, असं वाजवणं सुरू झालं. सोळाव्या वर्षी मीही एक जुनी गिटार घेऊन काकांच्या मागे तिथे जाऊ लागले.

काकांनी शिकवलेल्या कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडायचे सूर, मला यायच्या, पाठ केलेली कुठलीही चाल यायची. सोलो म्हटला की मात्र हात गार पडायचे. जॅझमध्ये सोलो आयत्या वेळी सुचून वाजवायचा असतो, कागदावर काही नसतं. पहिल्यांदा माझी पाळी आली तेव्हा डॉक्टर मागे साथ देत होते आणि मी तारांवर हात ठेवून नुसती बसले होते. माझ्या वाट्याचे तालाचे बारा बार आले तसे रिकामे निघून गेले. परतताना मी रिक्षात रडले. काका घरच्या अहिराणीत म्हणाले, "कसाले घाबरस? चुकनं ते चुकनं." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला तीनच सूर दिले. जे वाजवायचं ते आधी तोंडाने म्हणायचं, दम संपला की बोटंही थांबवायची. कॉर्ड बदलते तेव्हा तिच्यातला कुठला सूर सरकतो ते ऐकायचं आणि नेमकं त्याच सुरावर उतरायचं. मी महिनोन् महिने ते केलं, पण घरात. डॉक्टरांकडे पुन्हा सोलो घ्यायचं धाडस काही झालं नाही.

मग चौऱ्याण्णवचा प्लेग आला. दोन दिवसांत गल्ली रिकामी झाली. लोक तोंडाला रुमाल बांधून, मिळेल त्या गाडीने गावाकडे पळत होते. प्लेगवरच्या टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून संपल्या. वडील माझ्या दोन्ही लहान भावंडांना घेऊन उधन्याच्या स्टेशनवरून निघाले, आणि त्याच दुपारी आईला ताप चढला. आम्ही दोघी मागे राहिलो. तो ताप कुणाला कळू द्यायचा नाही, नाहीतर प्लेग समजून उचलून नेतील, असं आईनं मला बजावलं. ती उशीत तोंड खुपसून खोकायची आणि मी प्रत्येक खोकल्याला मनातल्या मनात विचारायचे, हा तोच का… काका-काकूंना भिंतीतून कळलंच असावं. काकांनी गावाला जायची बांधलेली पिशवी पुन्हा रिकामी केली, आणि काकू न विचारता पेज घेऊन आत आल्या.

खाती बंद होती. जन्मापासून कानांत असलेली लूमची खडखड थांबली, तसं मला श्वास घेतला तरी कुणी ऐकेल असं वाटू लागलं. तिसऱ्या दिवशी काका म्हणाले, गिटार घे, भीती हाताला लागू देऊ नकोस. मी ओट्यावर बसून वाजवू लागले. उंच सुरांकडे, बारीक तारेवर गेले. काका वाट बघत राहिले. मग म्हणाले, "थांबलीस का? वाजव ना."

मी वाजवतच होते.

मी बोटांकडे पाहिलं, त्यांनीही पाहिलं. त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, गोंगाटामुळे ऐकू येत नाही. आता गोंगाट नव्हता. त्यांनी एवढंच म्हटलं, की काकूंना हे सांगू नकोस.

आईचा ताप मलेरियाचा निघाला. शहर हळूहळू परत भरलं, खाती सुरू झाली, आणि आम्ही पुन्हा नानपुऱ्याला गेलो. डॉक्टरांकडे त्या दिवशी दोन-तीन पाहुणे होते. काकांनी सोलो घेतला. मधेच त्यांची बारीक तार सुरातून उतरली. ते डोळे मिटून त्याच तारेवर वाजवत राहिले, अगदी मन लावून. डॉक्टरांचे हात पियानोवर अडखळले. मला वाटलं, उठून पळून जावं. काकांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना समजलं. हात उचलून ते हळूच म्हणाले, "पोरी, तू घे."

त्यांचं तसं उघडं पडणं मला माझ्या फजितीपेक्षा जास्त भयंकर वाटलं, म्हणून मी घेतला. तीन सूर म्हटले, तेच वाजवले. एक चुकला, तो पुन्हा वाजवला, तेव्हा तो मुद्दाम वाजवल्यासारखा वाटला. बारा बार संपले, डॉक्टरांनी मान हलवून आणखी बारा दिले. काका माझ्या हाताकडे बघत कॉर्ड धरत होते. त्यानंतर त्यांनी लोकांसमोर सोलो कधीच घेतला नाही. पुढची काही वर्षं मला मात्र दर रविवारी तिथे नेऊन बसवलं. भीती दर वेळी वाटायची, अजूनही वाटते.

मागच्या आठवड्यात मी डिंडोलीला जाऊन आले. गिटार त्यांच्या खाटेवरच होती. तिच्या वरच्या कडेला एका जागी पॉलिश पार उडून पांढरं लाकूड दिसत होतं. मला वाटलं, कुठे घासली असेल. काकू म्हणाल्या, नाही, तिथे ते जबडा टेकवायचे. हाडातून ऐकू येतं म्हणायचे. म्हणजे काकूंना ते केव्हाच माहीत होतं. रोज चहा झाला की दार लावून बसायचे, आणि रोज वेगळंच काहीतरी वाजवायचे.

मी खाटेवर बसले, त्या जागी जबडा टेकवला आणि तार छेडली. आवाज बाहेरून आलाच नाही. तो दातांतून, कवटीतून, एवढा मोठा होऊन आला की मी दचकून हात काढून घेतला. काकू दारात उभ्या होत्या.

"जोरात वाजव," त्या म्हणाल्या. "त्यांना जोरातच लागायचं."