आमच्या ऑफिसातला सावकार

आमच्या ऑफिसातला सावकार हातगाडीवाल्याला कधी भाव विचारत नसे. केळी घ्यायची, नोट पुढं करायची आणि परत आलेले पैसे न बघता खिशात टाकायचे. आता हा माणूस कोण? तर आमच्या सरकारी कार्यालयातला शिपाई. मी तिथंच हेडक्लार्क, पगार त्याच्या दुप्पट, आणि कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी तीन गाड्या पालथ्या घालणारा.

त्याचं खरं नाव मल्लिनाथ. गाव अक्कलकोटच्या पलीकडं. घरात कन्नड, बाहेर मराठी. आमच्या सोलापूर भागात खात्यापित्या घरच्या माणसाला मानानं सावकार म्हणतात. त्याला ते नाव कुणीतरी चेष्टेनं ठेवलं, पण वर्षभरात चेष्टा गळून गेली आणि मान तेवढा राहिला. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, सावकाश चाल आणि बोलायच्या आधी क्षणभर थांबायची सवय. नवे साहेब हजर झाले त्या दिवशी त्यांनी दारात त्यालाच वाकून नमस्कार केला. मी हार घेऊन शेजारीच उभा होतो.

एकदा डबा खाताना विषय निघाला, किती पैसे असले की माणसाला श्रीमंत म्हणायचं? कुणी एक कोटी म्हणालं. टायपिस्ट बाई म्हणाल्या, पुण्यात फ्लॅट हवा आणि तोही भाड्यानं दिलेला. मी म्हणालो, "दोन कोटींच्या खाली बोलूच नका. एका कोटीत आता जुळे सोलापुरातसुद्धा धड बंगला होत नाही." सावकार जगमध्ये पाणी भरत होता. त्याला विचारलं, तर थोडा थांबून म्हणाला, "अचानक पावणं आलं आन बायकूनं पिटाच्या डब्यात वाकून बगितलं न्हाय, की झाला मानूस श्रीमंत."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. आमच्या घरी पाहुणे आले की बायको डब्याकडं नाही, आधी माझ्या तोंडाकडं बघते.

मीही एकदा सावकारासारखं करून पाहिलं. सांगोल्याची टपोरी डाळिंबं गाडीवर मांडली होती; भाव न विचारता दोन किलो घेतली आणि ऐटीत निघालो. स्कूटर घरापर्यंत पोचेतो जीव कासावीस झाला. दुसऱ्या दिवशी परत जाऊन शेजारच्या गाडीवर भाव विचारून आलो. मला साठ रुपये जास्त लावले होते. ती डाळिंबं मला गोड लागलीच नाहीत.

इथपर्यंत हसण्यावारी नेता येईल. पुढचं येत नाही.

सावकार नोकरीत असताना बाहेरून बारावी झाला होता. एका वर्षी कारकुनाची जागा निघाली आणि त्याची बढती ठरल्यासारखीच होती. प्रस्ताव माझ्या टेबलावरून पुण्याला जायचा होता. मी तो दडवला नाही, फाडला नाही. फक्त रोज त्याच्यावर दुसरी एक फाईल ठेवत गेलो. हा माणूस शिपाई असून एवढा. उद्या माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला तर माझ्याकडं कोण बघेल? मुदत गेली. जागा दुसऱ्या ऑफिसातल्या माणसाला मिळाली. सावकाराला मी म्हणालो, "वरूनच अडलं बघ." तो म्हणाला, "व्हय, भाऊसाहेब," आणि टेबलावर पाण्याचा पेला ठेवून गेला.

तो शिपाई म्हणूनच निवृत्त झाला. पाठोपाठ मीही झालो. गेल्या वर्षी अक्कलकोटला दर्शनाला गेलो होतो, तिथून रिक्षा करून त्याच्या गावी गेलो. दोन खोल्यांचं घर. "बर्री, कूड्री," म्हणत त्याच्या बायकोनं घोंगडं अंथरलं, या-बसा केलं. भाकरी झाल्या, ताक झालं. ती भांडी घेऊन आत गेल्यावर मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

सावकार नेहमीसारखा थांबला. मग म्हणाला, "म्हाईत हाय की. टेबल रोज मीच पुसत व्हतो. फाईल खाली खाली चालली व्हती, दिसत व्हतं मला."

"राग नाही आला?"

"लई आला. थोरलीला नर्शिंगला घालायचं व्हतं त्या वर्सी. पगार वाडला असता तर जमलं असतं. न्हाय जमलं. दुकानात कापडं दाकवती आता, सोलापुरात."

मला घोंगड्यावर बसवेना. ही गोष्ट मला कधी कळलीच नव्हती. त्या वर्षीही त्याचा सदरा तसाच कडक होता.

"अरे, मग एक शब्द तरी बोलायचास! पोरीसाठी म्हणून सांगितलं असतंस तर मी त्याच दिवशी कागद पाठवला असता."

"पाटवला असता की, म्हाईत हाय." त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. "पन त्या दिवसापासनं तुमी मला गरीब म्हनला असता, भाऊसाहेब."

परतताना बसमध्ये माझ्या ध्यानात आलं की, हेडक्लार्क म्हणून, घरमालक म्हणून, बाप म्हणून मी कुणालाही असं उत्तर देऊ शकलो नसतो. त्याची बढती अडवूनही मला त्याचा हेवा वाटायचा थांबला नव्हता.