आतोबांचा वारा

वाऱ्यासाठी जीव टाकणारा आणि वाऱ्याचाच धसका घेतलेला आमच्या आतोबांसारखा माणूस अख्ख्या काशीत सापडायचा नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. राजा घाटावरून रोज तासभर बसने जात, एका खेड्यातल्या इस्पितळात, क्षयाच्या वॉर्डात कंपाउंडर म्हणून. तिथल्या हवेतून रोग आपल्याला लागेल आणि आपल्या पावलांनी घरी येईल, ही त्यांची धास्ती. उपाय एकच, खिडक्या उघड्या! पौषाच्या थंडीत रोगी त्या लावून घेत, हे उघडत. दिवसभर हाच खेळ. घरीही वारा कुठून येतो ते बघून पाट मांडायचे. पाहुणा खोकला, की बिचारा वरणभात कालवत असतानाच त्याचा पाट फिरवायचे.

वरून येणारे हुकूम तरी धड असावेत! एक साहेब म्हणे मास्क रोग्याला बांधा, दुसरा म्हणे तुम्ही बांधा. आतोबांना मिळालेला एकुलता एक जाड मास्क आत्याने साबणाने खसाखसा धुऊन, वर खळ घालून वाळत टाकला. "आता हा चालेल का, कुणाला विचारू?" असं म्हणत ते दोन दिवस तो हातात घेऊन फिरत होते.

तिसऱ्या साहेबाने शिकवलं, उदबत्ती लावा, धूर कुठे जातो बघा, म्हणजे वारा खेळतोय का ते कळेल. कपाळाला गंध लावलेले आतोबा वॉर्डाच्या मधोमध उदबत्ती घेऊन उभे राहिले मात्र, रोग्यांनी हात जोडले, आणि उदबत्ती विझू नये म्हणून नातेवाइकांनी धडाधड सगळ्या खिडक्या लावल्या. एक म्हातारी म्हणाली, "पंडितजी, हमरे बेटवा के नाम से भी एक जलाय दीजिए." आतोबा इतके गोंधळले, की त्यांनी बेटव्याचं नाव विचारलं.

मग त्यांच्या लेकीला मुलगा झाला आणि गंमत संपली. नातवाला ते दारातूनच बघत. बारशालाही गॅलरीत उभे! डॉक्टर म्हणत, "तुम्हाला काही झालेलं नाही." हे म्हणत, "आज नाही, उद्याचं काय?" आत्या कडाडली, "अहो, आजोबा आहात की शेजारी?" शेवटी त्यांनी बेडका तपासून घेतला, छातीचा फोटो काढला. दोन्ही स्वच्छ. त्या दुपारी आत्याने काही न विचारता बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं.

आम्हाला वाटलं, आता हे रडणार. पण ओठ गच्च मिटलेले. बाळाने मिशी ओढली तरी हलेनात. चेहरा लालबुंद झाला तेव्हा मला उमगलं, यांनी श्वास रोखून धरलाय. मी हसायला गेलो आणि माझेच डोळे भरून आले. त्यांनी घाईघाईने बाळ आत्याकडे दिलं, गॅलरीत जाऊन पोटभर श्वास घेतला आणि परत येऊन हात पुढे केले.

"दे गं," ते म्हणाले, "अजून एकदा दे."