आधी घोडीचं विचार

नारीनच्या डोंगरात नर्स म्हणून नव्यानेच आलेली मीरगुल तपासणीला पोचली, तेव्हा नव्वदी ओलांडलेली बुरुलचा-आजी घोडीचं दूध काढत होती.

"तब्येत कशी आहे, आजी?"

"झकास! घोडीला शिंगरू झालंय. मेंढ्यांचा खोकला गेला. गाय तेवढी अजून लंगडतेय."

"अहो, मी तुमची विचारतेय!"

"मग मी कुणाची सांगतेय?" आजी फणकारली. "आधी जनावरांचं विचारायचं, मग माणसांचं. आईने शिकवलं नाही वाटतं?"

मीरगुलने तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला. बीपी चांगलंच चढलं होतं.

"गुडघे सुजलेत, एका कानाने ऐकू येत नाही, त्यात हे बीपी. आजारी आहात तुम्ही. यंदा जनावरं घेऊन वरच्या कुरणावर जाणं बंद."

"आजारी माझा नवरा होता," आजी म्हणाली. "शेवटच्या हिवाळ्यात कुणीही आलं आणि जनावरांचं विचारलं, की हा आपला स्वतःच्या पाठीचं आणि पोटाचं रडगाणं लावायचा. मेंढ्यांचं नावसुद्धा नाही. तेव्हाच मी ओळखलं, आता हा काही राहत नाही."

मीरगुलने पिशवी उघडली. तिने गोळ्या पुढे केल्या. आजीने त्या खिशात टाकल्या.

"घेईन रोज. पण एक ध्यानात ठेव, पोरी. ज्या दिवशी तू घोडीचं विचारशील आणि मी गुडघ्यांचं सांगेन, त्या दिवशी माझ्या लेकरांना बोलावून घे. तोवर जरा ही बादली धर."